रस्त्यावरून उठल्यावर आधी काय? मुंबईत पुन्हा बस्तान बसवणाऱ्यांसाठी धागा

परळवासी

नमस्कार मंडळी,

मुंबईत काही काळ रस्त्यावर, फलाटावर किंवा पुलाखाली काढून आता पुन्हा बस्तान बसवू पाहणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. त्यांना मदत करावीशी वाटणाऱ्यांसाठीही आहे. मदतीची पहिली धाव बहुतेक वेळा जेवण आणि चादरीपर्यंत असते. ती लागतेच, तिला मी नावं ठेवत नाही. त्यापुढचं मात्र कुणी फारसं लिहीत नाही.

मी त्यातून गेलोय. गिरणगावात वाढलो. वडील गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. वडिलांमागे चाळीतली खोली भावांच्या वाटणीत विकली गेली. माझ्या वाट्याचे पैसे आईच्या आजारपणात संपले, पुढे मी ज्या छापखान्यात होतो तो बंद पडला. भाडं थकलं आणि मालकानं सामान बाहेर काढलं. यात नवल काही नाही. ज्यांचे दोन-तीन पगार चुकले तर खोली जाईल अशी माणसं या शहरात पुष्कळ आहेत. आता मी नालासोपाऱ्याला भाड्यानं राहतो आणि परळला एका कँटीनची कोठी सांभाळतो.

मला सांगायचंय ते हे. रस्त्यावरच्या माणसाला छताच्याही आधी सामान ठेवायला कुलपाची जागा लागते.

दिवसाची सुरुवात सामानापासून होते. नाक्यावर उभं राहिलं की मुकादम आधी खांद्यावरची पिशवी बघतो. पिशवीत कपडे, चादर, ताट दिसलं की त्याला कळतं हा कुठे झोपतो, आणि तो दुसऱ्याला बोलावतो. केटरिंगच्या कामाला पिशवी घेऊन आत सोडत नाहीत. बाहेर ठेवली तर चोरीला जाते किंवा अतिक्रमणवाल्यांची गाडी उचलून नेते. पावसाळ्यात भिजते ते वेगळंच. स्टेशनच्या क्लोकरूमला तिकीट दाखवावं लागतं. त्यामुळे आपण पिशवीजवळच बसून राहतो, आणि बघणारे म्हणतात, धडधाकट माणूस आहे, काम का करत नाही?

त्या पिशवीतच कागद असतात. ते गेले की ओळखच जाते. मग महिन्याच्या पगाराचं काम मिळत नाही, रोजच्या रोखीवर जगावं लागतं. रोख रक्कम झोपेत खिशातून जाते, म्हणून ती संध्याकाळीच खर्च करून टाकायची सवय लागते.

माझं चक्र फिरलं ते एका मांडववाल्यामुळे. त्यांच्या गोडाऊनमध्ये कनातींच्या मागे त्यांनी मला पत्र्याची एक पेटी ठेवू दिली. कुलूप माझं आणि किल्लीही माझ्याकडे. झोपायला जागा त्यांनी दिली नाही, तेवढी त्यांच्याकडे नव्हतीच. पण त्या पेटीत एक धुतलेला शर्ट राहू लागला आणि कागद कोरडे राहू लागले. हात मोकळे झाले तसं काम मिळायला लागलं. पुढचं सगळं (फोन नंबर, आधार, खातं, महिन्याचं काम आणि सगळ्यात शेवटी खोली) त्यानंतर जमलं.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल किंवा या कामात असेल, तर आपला अनुभव लिहा. काय उपयोगी पडलं तेवढं नेमकं सांगा.

---

गिरगावची_मावशी

दादा, वाचून थांबले थोडा वेळ. तुम्ही पेटीचं लिहिलंत आणि मला आमच्या चाळीतली गावच्या मंडळाची खोली आठवली. कोकणातल्या एकेका गावाची एकेक खोली असायची, गिरगावात, लालबागला, भायखळ्याला. एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष. झोपायला निम्मे बाहेर व्हरांड्यात नाहीतर फुटपाथवर. मात्र प्रत्येकाची ट्रंक आत, भिंतीला लावून एकावर एक. पाळीवरून आला की ट्रंक उघडायची, कपडे बदलायचे आणि खानावळीत जेवायला जायचं. काम सुटलं तरी ट्रंक कुणी बाहेर काढत नसे. गावाकडून पत्र यायचं तेही त्याच पत्त्यावर.

म्हणजे रात्री फुटपाथवर झोपणारा तो माणूसही बेघर नव्हता. त्याला पत्ता होता आणि चार माणसं ओळखत होती. त्यातल्या बऱ्याच खोल्या पुनर्विकासात गेल्या. काही मंडळांनी अजून टिकवल्यात. ज्यांचं गाव अशा मंडळाशी जोडलेलं आहे त्यांनी लाज न धरता तिथं जाऊन विचारावं असं मला मनापासून वाटतं.

---

परळवासी

मावशी, अगदी खरं. लाजेचं मात्र वेगळं सांगतो. गाववाल्यांकडे जाणं सगळ्यात जड जातं, कारण गोष्ट गावात पोचते. मला अनोळखी मांडववाल्याकडे मागणं सोपं गेलं. मंडळवाले कुणी वाचत असतील तर एवढं करा, माणूस आला तर "काय झालं" हे पहिल्या दिवशी विचारू नका.

---

रात्रपाळी

मी बेघरांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. दक्षिण मुंबईत रात्री फिरतो. कागदांबद्दल लिहिते, कारण "पत्ता नाही म्हणून काहीच होत नाही" असं लोक धरून चालतात, आणि बऱ्याच खिडक्यांवरही तेच ऐकवलं जातं.

ज्याचं आधार एकदा निघालेलं आहे पण कार्ड हरवलंय, त्याचं आधार बोटांच्या ठशांवरून आधार केंद्रात शोधता येतं. भांडी घासून, सिमेंट कालवून ठसे झिजलेले असतात. मशीन नाकारतं आणि माणूस घाबरून परत येतो. अशा वेळी डोळ्यांवरून ओळख पटवायला सांगायचं. फोन नंबर बदलायलाही केंद्रात ठसे पुरतात, वेगळा कागद लागत नाही. ज्याचं आधार कधीच निघालं नाही, त्याला ठरावीक नमुन्यातलं फोटो लावलेलं प्रमाणपत्र चालतं. ते राजपत्रित अधिकारी, आमदार, खासदार, नगरसेवक किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाचे प्रमुख देऊ शकतात. ते तीन महिनेच चालतं, त्यामुळे सही मिळाली की लगेच केंद्र गाठायचं. नवीन आधार काढायला पैसे लागत नाहीत. कुणी मागत असेल तर तो दलाल समजा.

मतदार यादीचं तर फारच थोड्यांना माहीत आहे. बेघर माणसाला फॉर्म ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहिता येते. त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नसतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं रात्री तिथे जाऊन, एकापेक्षा जास्त रात्री, तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे बघायचं असतं. निवडणूक आयोगाच्या सूचनाच तशा आहेत. त्या रात्री माणूस जागेवर असायला हवा, म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवायचं. मतदार ओळखपत्र आलं की पुढची बरीच दारं उघडतात.

परळवासी दादांनी नंबरचा उल्लेख ओझरता केलाय, मी त्यावर जोर देईन. सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडतं आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्याला जातो. मग आधारचा ओटीपी, बँकेचा ओटीपी सगळं त्या दुसऱ्या माणसाकडे. कुणाला मदत करायची असेल तर कपड्यांच्या आधी त्याच्या नंबरचं रिचार्ज करा.

---

हिशेबनीस

निवृत्त बँक कर्मचारी आहे. रात्रपाळी ताईंच्या लिखाणाला जोड देतो.

ज्याच्याकडे कोणताच अधिकृत कागद नाही त्याच्यासाठी बँकेत 'छोटं खातं' उघडता येतं. फोटो आणायचा आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा द्यायचा. मर्यादा अशा: शिल्लक कधीही ५०,००० च्या वर जाऊ द्यायची नाही, वर्षभरात एकूण जमा १ लाखापर्यंत आणि महिन्याला काढणं १०,००० पर्यंत. खातं आधी बारा महिने चालतं. त्या काळात आधार वगैरेसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा महिने. काउंटरवर बसलेल्याला हे माहीत नसण्याची शक्यता बरीच, म्हणून थेट शाखा व्यवस्थापकांकडे जावं. सोबत कुणी असेल तर उत्तम.

आणि एक. पासबुक भरून घेत जा. सहा महिने पगाराच्या नोंदी असलेलं पासबुक घरमालकासमोर ठेवलं की बोलणं सोपं होतं.

---

सडेतोड

धागा चांगला आहे, पण एक प्रश्न विचारतोच, राग नसावा. महापालिकेचे निवारे आहेत. संस्था आहेत. तरी लोक तिकडे जात नाहीत, काहीजण तर नेलं तरी परत येतात. आमच्या स्टेशनबाहेर वर्षानुवर्षं तेच चेहरे दिसतात. कुणाला उठायचंच नसेल तर काय करणार? शिवाय क्रमाबद्दल म्हणाल तर फिनलंडनं २००८ पासून आधी घर, मग बाकी सगळं, असंच धोरण धरलं आणि तिथे बेघर कमी झाले. मग तुमची पेटी आधी कशी?

---

परळवासी

राग कशाला? प्रश्न बरोबर आहे. फिनलंडसारखी कुणी माझ्या हातात घराची किल्ली दिली असती तर मी पेटीचं नावही काढलं नसतं. तिथे सरकारजवळ द्यायला घरं होती आणि ती दिली. इथे ती वाट उघडेपर्यंत माणसानं काय करावं, त्याबद्दल मी लिहितोय. दोन्हींत भांडण नाही.

परत येण्याबद्दल सांगतो. दादरच्या फुलबाजारात, भाजीच्या गाड्यांवर माल उतरतो तेव्हा पहाट व्हायची असते. ससून डॉकलाही तसंच. शेवटच्या गाडीनं जाऊन पहिल्या गाडीनं आलं तरी ते काम हातचं जातं. ज्याची रोजी रात्री दोनला सुरू होते, तो दहा किलोमीटरवरच्या निवाऱ्यात झोपू शकत नाही. त्याला उठायचं असतं म्हणूनच तो कामाजवळ झोपतो.

---

रात्रपाळी

सडेतोड, आकडे सांगते म्हणजे चित्र स्पष्ट होईल. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायम निवारा हवा, तोही बारा महिने, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे. आपण त्याच्या जवळपासही नाही. त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्री बेघरांची मोजणी झाली आणि मुंबईत सुमारे ५७ हजार भरले. एका रात्रीत, गल्लीबोळ फिरून, जे सापडले तेवढे. कामावर असलेले, आडोशाला असलेले किती सुटले असतील याचा विचार करा. त्यात बरेच निवारे एकतर लहान मुलांसाठी नाहीतर एकट्या पुरुषांसाठी. नवरा-बायको-मूल असं कुटुंब गेलं तर त्याची ताटातूट होते. कुटुंबं फुटपाथ निवडतात ती बहुतेकदा यासाठी.

कामाजवळ झोपण्याचा मुद्दा काही आजचा नाही. १९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून मूळ गावी पाठवायचा हुकूम काढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ओल्गा टेलिस खटला म्हणून ते ओळखलं जातं. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठानं सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि माणसं फुटपाथवर राहतात ती जवळच काम असतं म्हणून. निकालानं फुटपाथवर राहायचा हक्क मात्र दिला नाही. रीतसर नोटीस देऊन हटवायला मुभा ठेवली, फक्त त्या वर्षीचा पाऊस संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबायला सांगितलं. चाळीस वर्षं होऊन गेली. मुद्दा अजून तिथेच आहे.

आणि भीतीचंही लिहायला हवं. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा, महाराष्ट्रात अजून लागू. त्यात भीक मागताना सापडलेल्याला पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली मुख्य कलमं रद्द केली. आमच्याकडे रस्त्यावरची माणसं 'चेंबूरला नेतील' (म्हणजे तिथल्या भिक्षेकरी गृहात) या धास्तीनं कुठल्याच सरकारी गाडीत बसत नाहीत. निवाऱ्याची गाडी आणि ती गाडी यातला फरक रात्री अकरा वाजता त्यांना कसा कळणार?

---

सडेतोड

कुटुंबांच्या ताटातुटीचं माहीत नव्हतं. सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. वाचतोय.

---

दोघी

इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी आणि माझी मुलगी. घर नवऱ्याच्या नावावर होतं, मारहाण असह्य झाली तेव्हा बाहेर पडले. काही दिवस स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये, काही दिवस हॉस्पिटलच्या आवारात नातेवाईक असल्यासारखं. बाई आणि मूल हॉस्पिटलमध्ये बसलं तर कुणी उठवत नाही, म्हणून. टाटा हॉस्पिटलच्या आसपास तशी कितीतरी माणसं खरोखरची रुग्णांची असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत फुटपाथवर थांबतात. त्यांच्यातल्याच एका आजींनी मला रोज चहा दिला.

बायकांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते, मला कुणी आधी सांगायला हवं होतं असं वाटतं.

घर नावावर नसलं तरी संसार जिथे केला त्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईला आहे. परत तिथे जायचं नसेल तर न्यायालय नवऱ्याला दुसरी जागा किंवा तिचं भाडं द्यायला सांगू शकतं. वकिलाचे पैसे नव्हते. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळाल्या, बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अटच नाही. फोन १५१००. रात्री-अपरात्री गरज पडली तर बायकांसाठीची हेल्पलाइन, १८१.

मुलीची शाळा. पहिल्या शाळेत दाखला नाही, पत्ता नाही म्हणून आम्हाला दारातून परत पाठवलं. नंतर कळलं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वर्षाच्या मधेही प्रवेश द्यावा लागतो. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी काही न विचारता तिला वर्गात बसवलं. दुपारचं जेवण शाळेत मिळायला लागलं आणि मला दिवसाचे सहा तास कामाला मिळाले. माझ्यासाठी परळवासी दादांची पेटी म्हणजे ती शाळा होती, असं म्हणेन.

आता आम्ही एका वसतिगृहात आहोत. पण मला पुढची काळजी लागलीय. इथे कायम राहता येत नाही. एकटी बाई, लहान मूल, खोली द्यायला कुणी तयार होत नाही. एजंट सरळ विचारतो, "मिस्टर कुठे असतात?"

---

गिरगावची_मावशी

पोरी, शाब्बास. लेकीचं नाव-गाव इथे लिहू नकोस, पण ती कितवीत आहे तेवढं कळव. आमच्याकडे पुस्तकं आहेत.

---

प्रशासक

कृपया कुणीही फोन नंबर, पत्ता किंवा वसतिगृहाचं नाव उघड लिहू नये. व्यक्तिगत निरोपाची सोय वापरा.

---

दोघी

चौथीत, मावशी. गणित आवडतं तिला.

---

विरारचा_खोलीवाला

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. विरारला माझ्या चार खोल्या भाड्यानं आहेत. मी स्वतः लालबागहून इकडे आलो, तेव्हा माझ्याकडेही काही नव्हतं.

खोलीवाल्याला भीती दोन गोष्टींची असते, भाडं बुडेल आणि पोलिसांचं लचांड मागे लागेल. दुसरी भीती कमी करता येते. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकानं द्यायची असते, ती ऑनलाइनही देता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदवला नाही तर मालकाला दंड किंवा कैद होऊ शकते. करारच नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे बहुतेक मालकांना माहीत नसतं. त्यामुळे "आपल्यात करार कशाला" असं सांगणाऱ्या मालकाकडे जाऊच नका. करार हाच तुमचा पत्त्याचा पुरावा आहे, त्यावर रेशनकार्डापासून गॅसपर्यंत सगळं पुढे सरकतं. तो नोंदणीशिवाय घेतला तर पुन्हा तुम्ही हवेतच.

डिपॉझिटचं मात्र मी सोडू शकत नाही. मी ते हप्त्यानं घेतो. दोघांकडून घेतलंय, दोघांनीही पूर्ण केलं. दोघी ताई, खोली रिकामी झाली की तुम्हाला निरोप करेन. मिस्टरांची चौकशी होणार नाही.

---

परळवासी

खोलीवाले साहेब, हप्त्यानं डिपॉझिट घेणारे मालक दहा जरी मिळाले तरी दहा संसार उभे राहतील. माझंही तसंच झालं होतं.

खोली मिळाल्यावरचं थोडं लिहितो, कारण माझ्यासोबतचे काहीजण तिथून परत रस्त्यावर आलेले मी पाहिलेत. पहिले काही महिने आत झोप लागत नाही. बाहेर सतत आवाज असतो, उजेड असतो, आजूबाजूला माणसं असतात. खोलीत दार लावलं की शांतता अंगावर येते. मी दार उघडं ठेवून, उंबऱ्याशी पाय करून झोपायचो. शेजारच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी काही म्हटलं नाही. हे होतं, त्यात वेड लागल्यासारखं काही नाही आणि ते कमी होत जातं.

दुसरं, एकटेपण. फुटपाथवर आम्ही सातजण होतो. एकाला ताप आला की बाकीचे कामावरून येताना गोळ्या आणायचे. नालासोपाऱ्यात मला कुणी ओळखत नव्हतं. मी रविवारी परत त्या जागी जाऊन बसायचो. काही सल्लागार मंडळी म्हणाली, जुनी संगत सोड. मी सोडली नाही, आणि ते बरंच झालं. त्या सातातले तिघे आज माझ्याच कँटीनमध्ये आहेत.

तिसरं पैशाचं. पगार झाला की भाडं त्याच दिवशी द्यायचं. गावाला, भावाला, मित्राला काही द्यायचं ते त्यानंतर. पावसाळ्यात केटरिंग बसतं, लग्नं नसतात. ते चार महिने धरून उन्हाळ्यातच भाडं बाजूला काढायला लागतं. परत रस्त्यावर आलेले बहुतेक जण जुलै-ऑगस्टमध्येच आलेत.

---

हिशेबनीस

बचतीबद्दल भायखळ्याचं उदाहरण द्यायलाच हवं. तिथल्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ मध्ये 'महिला मिलन' उभं केलं. ज्यांना कुठलीच बँक दारात उभी करत नव्हती, त्या बायका रोज रुपया-दोन रुपये एकमेकींकडे जमा करायच्या. त्यातून आजारपण, मुलांची फी, अडीअडचण भागायची. पुढे त्यांच्यातल्याच कुटुंबांची मानखुर्दला पक्की घरं झाली. अशी रोजची बचत आज तुमच्या सातजणांतही होऊ शकते, परळवासी. हिशेब लिहून ठेवायला मी तयार आहे.

---

परळवासी

साहेब, हे मनापासून म्हणताय ना? मग रविवारी या, परळला. निरोप करतो.

---

दादरचा_चाळकरी

आमच्या चाळीच्या फाटकाशी एक काका झोपतात. दिवसा मंडईत हमाली करतात. जिन्याखाली एक कपाट रिकामं आहे. कमिटीत विषय काढला तर दोघे म्हणाले, उद्या त्यात काही भलतंच ठेवलं तर? मला ते द्यायचंय. कसं करावं?

---

परळवासी

कमिटीला लेखी द्या. काकांचं नाव, फोटो, काय काय ठेवणार त्याची यादी आणि काकांची सही. मीटरच्या पेटीजवळचं कपाट असेल तर ते देऊ नका, आगीची भीती असते. कुलूप काकांचं असू द्या आणि किल्ली एकच, त्यांच्याकडे. वेळ ठरवा, सकाळी कामाला जाण्यापूर्वी आणि रात्री. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालायला सांगा आणि त्यांच्या झेरॉक्स तुम्ही तुमच्या घरी ठेवा. आणि हो, साठी उलटली असेल आणि आधाराला कुणी नसेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा, पासष्टच्या पुढे असतील तर श्रावणबाळ. महिना १,५०० रुपये मिळतात.

---

शोधतोय

धागा चार दिवसांपासून वाचतोय, लिहायचं धाडस होत नव्हतं. माझा मोठा भाऊ औषधं बंद केल्यावर घरातून निघून गेला. नाशिकचे आहोत. त्याला सीएसएमटीच्या बाहेर पाहिल्याचं एका ओळखीच्यानं सांगितलं. तो मला ओळखेल की नाही माहीत नाही. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, जबरदस्ती करता येत नाही. इथल्या सगळ्या गोष्टी, पेटी, खातं, करार, त्याच्या बाबतीत कुठून सुरू करायच्या?

---

रात्रपाळी

दादा, तुमच्या भावाच्या बाबतीत सुरुवात उपचारांपासूनच होईल. कागद नंतर.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. रस्त्यावर भटकणारा माणूस मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटलं, तर त्याला संरक्षणात घेणं हे त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. हे कलम छापून सोबत न्या आणि "जबरदस्ती नको, कलम १०० प्रमाणे तपासणी हवी" असं लेखी द्या. नाशिकला हरवल्याची तक्रार केली असेल तर तिची प्रत, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि अलीकडचा फोटो जवळ ठेवा. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं.

बरे होऊन घरी गेलेले पुष्कळ आहेत. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कर्जतजवळ त्यांच्या श्रद्धा फाउंडेशनचं केंद्र आहे. वर्षानुवर्षं बाहेर असलेली माणसं तिथून आपल्या गावाचं नाव सांगत परत गेलीत.

एकटे जाऊन त्याचा हात धरू नका. घाबरला तर तो जागा बदलेल. आधी लांबून बघा, कुठे बसतो, कुणाकडून चहा घेतो. त्या चहावाल्याशी ओळख करा.

---

परळवासी

मी त्या भागात सकाळी कोथिंबीर-मिरचीच्या खरेदीला असतोच. सीएसएमटीबाहेरची बरीच माणसं मला ओळखतात. फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवा. मी आधी एकट्यानं विचारून घेतो, सापडला तर तुम्हाला कळवतो आणि तुम्ही येईपर्यंत जवळपास थांबतो.

---

शोधतोय

पाठवला, तुम्हाला आणि रात्रपाळी ताईंनाही. डाव्या भुवईवर खूण आहे, आणि त्याला 'आप्पा' म्हटलं तर वळून बघतो.

---

रात्रपाळी

मिळाला फोटो. आज रात्री आमची फेरी त्याच बाजूला आहे, मीही बघते. तुम्ही नाशिकहून निघायची घाई करू नका, तक्रारीची प्रत तेवढी आज काढून ठेवा.